मुरगळलं म्हणजे नेमकं काय झालं? आणि दर वेळी तोच घोटा का?

जाई म्हार्दोळची | १४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या बुधवारी घरामागच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून पाय घसरला. पायऱ्या आजेसासऱ्यांच्या काळातल्या. पावसात त्यांवर असं शेवाळ धरतं की मांजरसुद्धा जपून उतरतं. पडले नाही, पण उजवं पाऊल आत वळलं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कट्‌ असा आवाज झाला. पंधरा मिनिटांत तिथे लिंबाएवढी गाठ.

गेल्या गणेशचवथीपासूनची ही तिसरी खेप. पहिल्यांदा फुगडी घालताना. दुसऱ्यांदा फोंड्याच्या बाजारात, सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना. तिन्ही वेळा उजवाच पाय, तिन्ही वेळा आतच वळला, सूज तिन्ही वेळा बाहेरच्याच बाजूला. सासूबाईंचं निदान: तुझं लक्ष नसतं. नवऱ्याचं निदान: मोबाईल.

एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे. "फक्त लिगामेंट आहे, आराम करा," असं सांगून गोळ्या दिल्या. ते 'फक्त' मला फार खुपतंय. तोच घोटा का? आतच का वळतो? आणि २७ ऑगस्टला चवथ. वाड्यावरच्या फुगड्यांत मी नाही असं लग्नानंतर एकदाही झालेलं नाही. तोवर जमेल का?

डिचोलीकर | १४ जुलै, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या खांद्याची मोठी कथा आहे, सवडीने लिहितो.

तांबडी माती | १४ जुलै, रात्री १०:१५

आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप लावा, सकाळ-संध्याकाळ. आणि पाय कुणा जाणत्याकडून चोळून घ्या. आमच्या गावात एक हाडवैद्य होते, एका झटक्यात शीर जागेवर बसवायचे. एक्स-रे वगैरे काही नाही.

फिजिओ फोंड्याची | १५ जुलै, सकाळी ७:१०

जाई, आधी ते 'फक्त' काढून टाकू. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑर्थोपेडिक डॉक्टर नव्हे, तेव्हा निदान तुमच्या डॉक्टरांचंच. पण हाड मोडलं नाही म्हणून सुटलो, ही समजूत मी रोज दवाखान्यात ऐकते. मोडलेल्या हाडाला प्लॅस्टर मिळतं, सहा आठवडे सगळं घर जपतं. फाटलेल्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीला, क्रेप बँडेज मिळतं आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघर. हाड पुष्कळदा पूर्ववत जुळतं. लिगामेंटला रक्तपुरवठाच तुटपुंजा, त्यामुळे ते हळू भरतं, आणि भरलं तरी थोडं सैल राहू शकतं.

आता घोटा. पोटरीच्या दोन हाडांची खालची टोकं मिळून एक खाच होते. त्या खाचेत पावलाचं वरचं हाड पाचरीसारखं बसतं. ही पाचर पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. पाऊल वर उचललेलं असेल तेव्हा रुंद भाग खाचेत शिरतो आणि सांधा घट्ट बसतो. बोटं खाली झुकली, म्हणजे पायरी उतरताना किंवा चवड्यावर फुगडी घालताना, की अरुंद भाग खाचेत येतो. त्या क्षणी घोट्याला हाडांचा आधार सगळ्यात कमी असतो. तुमच्या तीनपैकी दोन खेपा तिथेच झाल्यात.

आतच का वळतो? घोट्याची दोन्ही टोकं हाताने चाचपून पाहा. बाहेरचं टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेलं लागेल. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला लागलं की ते हाड आडवं येतं, आत वळायला मात्र कुणी अडवत नाही. शिवाय आतल्या बाजूचं लिगामेंट पंख्यासारखं पसरलेलं, जाडजूड. बाहेरच्या बाजूला तीन सुट्या पट्ट्या, आणि त्यांतली पुढची सगळ्यात कमजोर. बहुतेक वेळा पहिला घाव तिच्यावर. तुमची लिंबाएवढी गाठ तिथेच आली असणार.

क्लिनिक उघडायची वेळ झाली. उरलेल्या, बाजारातल्या खेपेचं कारण रात्री लिहिते, खरी गोम तिथे आहे.

सुरंगी | १५ जुलै, सकाळी ७:३१

वाचता वाचता घोटा चाचपून पाहिला. खरंच खाली आहे! पन्नास वर्षं वापरतेय, कधी बघितलंच नव्हतं.

माशेलचा | १५ जुलै, दुपारी १:०५

आठवड्यापूर्वीच आमच्याकडे चिखलकाला झाला. देवकीकृष्णाच्या मैदानात घोटाभर चिखल, अंगाला तेल, पोरं एकमेकांवर लोटांगणं घालतात. बघणाऱ्याला वाटतं, आता दहा जणांचे पाय मोडणार. इतकी वर्षं खेळतोय, खरचटणं सोडून मला काही झालं नाही. आणि धाकट्या भावाचा घोटा गेला तो पंचायतीच्या सिमेंटच्या गटारावर. हे कसं?

फिजिओ फोंड्याची | १५ जुलै, रात्री ८:४५

माशेलचा, चांगला प्रश्न. चिखलात पाऊल सरकतं, अडकत नाही. पाऊल एका जागी रुतलं आणि वरचं शरीर वळलं, की तो पीळ सांध्यालाच सोसावा लागतो. म्हणून चिखल बरा असं मी लिहून देणार नाही, त्यात दगड-काचा असतात आणि माणसं मानेवर पडतात. पण घसरण्यापेक्षा अडकणं सांध्यांना जास्त महागात पडतं, हे खरं.

जाई, आता बाजारातली खेप. लिगामेंट नुसती दोरी नसते. पाऊल कुठे, किती कललंय याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतू त्यात असतात. लिगामेंट फाटलं की ही खबर उशिरा आणि अर्धवट जाते. पाऊल आत कलायला लागलं की पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ते सावरतात. खबरच उशिरा आली, तर ते जागे होईपर्यंत पाऊल वळून मोकळं झालेलं असतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचं हे मोठं कारण. तेव्हा सासूबाईंचं निदान अर्धं बरोबर आहे. लक्ष नसतं, पण तुमचं नव्हे, घोट्याचं.

हे लक्ष शिकवावं लागतं. दात घासताना उजव्या पायावर उभ्या राहा, बेसिनला हात पोचेल एवढ्या अंतरावर. आधी डोळे उघडे, मग मिटून. हसू नका, करून पाहा आणि सेकंद मोजून सांगा. पण सूज उतरल्यावर.

तांबडी माती | १५ जुलै, रात्री ९:२०

म्हणजे आमच्या आजीचे लेप सगळे फुकट?

फिजिओ फोंड्याची | १५ जुलै, रात्री ९:५८

लेपावर माझा राग नाही. माझी आईसुद्धा लावायची, गार वाटतं, आणि लेप वाळेपर्यंत माणूस एका जागी बसतो हा मोठाच फायदा. राग चोळण्यावर आणि झटक्यावर आहे. ताज्या दुखापतीत आत रक्त साकळत असतं, चोळून ते वाढतं. आणि कोपराच्या बाबतीत तर हात जोडून सांगते: कोपराला मार बसल्यावर मालिश करू नका. तिथल्या स्नायूत चक्क हाड तयार व्हायला लागतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं. असे हात मी पाहिलेत, अंघोळीचा तांब्या डोक्यापर्यंत न्यायला जमत नाही.

बर्फाबद्दलही आता पूर्वीइतकी खात्री राहिलेली नाही. आराम, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं, हा मंत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी दिला. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणं लांबू शकतं. मी काय सांगते? पहिले दोन दिवस दुखणं कमी व्हावं म्हणून फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ चालेल. पण आठवडाभर पलंगावर पडून राहू नका. सोसेल तेवढं चाला.

डिचोलीकर | १६ जुलै, रात्री ११:१०

रुमाल उचलतो.

एकोणिसाव्या वर्षी व्हॉलीबॉल खेळताना पहिल्यांदा उजवा खांदा निखळला. स्मॅश मारायला हात वर आणि मागे नेला होता, नेटपलीकडच्याचा हात त्यात अडकला. खांद्याची गोलाई गेली आणि कडेला चौकोनी कोपरा दिसायला लागला. टीममधल्या एकाने "मी बघितलंय कसं करतात" म्हणून काखेत पाय देऊन ओढला. बसला. मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्यांदा तीन वर्षांनी, चवथीला गणपतीच्या डोक्यावरची फळा-भाज्यांची माटोळी बांधताना. स्टुलावर उभा, हात वर, नारळांचा घड लावत होतो. तिसऱ्यांदा झोपेत चादर ओढताना. आता तर असं झालंय की मी कुणाला लांबून हात हलवून बोलावतही नाही, लोकांना वाटतं गर्व झाला. माझा प्रश्न जाईताईंचाच: हाच सांधा का? माझा खुबा कसा कधी निखळत नाही?

फिजिओ फोंड्याची | १७ जुलै, सकाळी ६:५०

शाळेत दोन्हींना 'उखळीचा सांधा' शिकवलं, तिथेच घोळ आहे. खुब्याची उखळ खरंच खोल, वाटीसारखी. खांद्याची म्हणजे बशी. त्या बशीत दंडाच्या हाडाचा गोळा एका वेळी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा टेकतो. बाकीचा भार बशीच्या काठावरच्या कूर्चेच्या कडीवर, एका सैल पिशवीवर आणि भोवतालच्या चार स्नायूंवर. निसर्गाने इथे सौदा केलाय. पाठ खाजवता यावी, माडावर चढता यावं, माटोळी बांधता यावी म्हणून खांद्याला मोकळीक दिली आणि पक्केपणा काढून घेतला. खुब्याशी उलटा सौदा. खुबा निखळायला रस्त्यावरचा मोठा अपघातच लागतो, बहुधा गाडीच्या डॅशबोर्डवर गुडघा आपटून. आणि तो निखळला तर सहा तासांच्या आत बसवायला हवा, नाहीतर गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊन हाड आतून मरतं.

निखळलेल्या शंभर खांद्यांपैकी पंचाण्णवच्या आसपास पुढच्या बाजूलाच निखळतात, आणि तुम्ही लिहिलीय तीच स्थिती, हात वर आणि मागे. पहिल्या वेळी बशीच्या पुढच्या काठाची कडी सुटते. ती जागेवर जुळली नाही की पुढच्या वेळी अडवायला कुणी नाही. विशीच्या आत निखळला तर पुन्हा निखळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. तीनदा झालाय, आता एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा सल्ला घ्या. व्यायामाने सगळं होतं असं मी म्हणेन अशी अपेक्षा असेल, तर तुमच्या बाबतीत तसं म्हणणार नाही.

त्या मित्राला पाजलेला चहा मात्र परत घ्या. काखेतून जाणारी नस अशा ओढाओढीत दुखावते, हाडाचा टवका उडालेला असेल तर तो सरकतो. दंडाच्या वरच्या भागात बधिर वाटतं का कधी?

डिचोलीकर | १७ जुलै, सकाळी ९:१५

पहिल्या वेळी महिनाभर वाटलं होतं. चहा पाजला तो आता दुबईला आहे, वसुली कठीण.

सुरंगी | १७ जुलै, सकाळी ११:००

अवांतर: माझ्या जावेने फोनवर सांगितलं, ढोपर फुटलं. मी दोन दिवस तिच्या गुडघ्याची चौकशी करत होते. तिकडे घाटावर काहीजण कोपरालाही ढोपर म्हणतात म्हणे. तिला वाटलं मी टिंगल करतेय.

फातोर्डा पूर्व गॅलरी | १७ जुलै, रात्री १०:३०

गोव्यातला धागा आणि अजून कुणी गुडघा काढला नाही? काढतो.

आम्ही भातकापणी झाली की शेतातच फुटबॉल खेळायचो. धसकटं, गुरांच्या खुरांचे खड्डे, अनवाणी पाय. घोटे मुरगळले, बोटं फुटली, पण गुडघा कुणाचा गेला नाही. माझा गेला तो पुढे कंपनीच्या स्पर्धेत, नवे स्टडवाले बूट घालून, छान हिरव्या मैदानावर. कुणी हातही लावला नव्हता. धावता धावता थांबून डावीकडे वळलो, बूट गवतात राहिला आणि मी वळलो. आतून फट्‌ असा आवाज आला. तासाभरात गुडघा शहाळ्याएवढा. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. एक्स-रेत तेव्हाही काही नव्हतं, "फक्त मुका मार" म्हणून घरी पाठवलं. तीन महिने तसाच चाललो, खेळायलाही गेलो, मग गुडघा सटकून मेनिस्कसही, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादीही, फाटला. तेव्हा जाईताई, त्या 'फक्त'शी माझी जुनी ओळख आहे.

एक मात्र खरं, यात मोठी मोठी माणसं अडकलीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये उरुग्वेविरुद्ध नेमारचा गुडघा असाच गेला. त्याच वर्षीच्या महिला विश्वचषकाला इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन आणि नेदरलँड्सची मिडेमा दोघी एसीएलमुळेच मुकल्या. माझी मुलगी आता शाळेच्या टीममध्ये खेळते. मुलींना हे जास्त होतं म्हणतात, खरं का?

फिजिओ फोंड्याची | १८ जुलै, रात्री ९:१५

खरं आहे. त्याच खेळात मुलींना एसीएलचा धोका मुलांच्या दुपटीपासून आठपटीपर्यंत सांगतात. कारणं एकात एक गुंतलेली: कंबरेची रुंदी, हॉर्मोन्स, उडीवरून उतरताना गुडघे आत झुकणं. आणि माझ्या मते एक साधं कारण असं की मुलींना उडी मारून उतरायचं कसं हे कुणी शिकवतच नाही. मुलगे दहाव्या वर्षापासून भिंतीवरून उड्या मारतात, मुलींना "पडशील" म्हणतात.

गुडघ्याची अडचण त्याच्या जागेत आहे. शरीरातली दोन सगळ्यात लांब हाडं तिथे भेटतात. वरच्याची टोकं गोल, खालचं जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाट पाटावर ठेवली तर ती थांबेल कशी? हाडांच्या आकाराची मदत जवळपास शून्य, सगळी मदार चार लिगामेंट, दोन मेनिस्कस आणि मांडीच्या स्नायूंवर. बिजागरी म्हणून बनलेला सांधा, त्याला आपण गिरकी घ्यायला लावतो. घोटा वळून सुटतो, खुबा खोल वाटीत सुरक्षित, मधला अडकतो.

गुडघा तासा-दोन तासांत टम्म फुगला तर आत रक्त साचलंय असं धरून चाला, आणि एसीएलचा संशय घ्या. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी. एसीएल सांध्यातल्या द्रवात बुडालेलं असतं, तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून तुटलेली टोकं सहसा आपोआप जुळत नाहीत. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. पण झाली तर मैदानावर परत जायला नऊ महिने तरी द्या. सहाव्या महिन्यात गुडघा बरा वाटतो, तोच फसवा महिना.

मुलीच्या कोचना फिफाच्या '११ प्लस' या वॉर्म-अपबद्दल विचारा. वीस मिनिटांचा, आठवड्यातून किमान दोनदा. नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं आढळलंय. साधनं काही लागत नाहीत. तरी आपल्याकडे वॉर्म-अप म्हणजे गोलपोस्टला दोन फेऱ्या.

फातोर्डा पूर्व गॅलरी | १८ जुलै, रात्री ९:४०

दोन फेऱ्या? आमची एक होती, तीही बॉल आणायला उशीर झाला तर.

गुळेली गोड | १९ जुलै, दुपारी ३:२०

माझा मुलगा अडीच वर्षांचा. जत्रेत मी एक हात आणि ह्यांनी एक हात धरून झोके देत चाललो होतो. मध्येच किंचाळला आणि डावा हात लोंबता ठेवला. सूज नाही, खरचटलं नाही, नुसता हात हलवेना. इस्पितळात डॉक्टरांनी हात फिरवला, टक्‌ झालं, दहा मिनिटांत पोरगा फुगा मागत होता. हे काय होतं?

फिजिओ फोंड्याची | १९ जुलै, रात्री ८:००

कोपराच्या हाडाभोवती कड्यासारखं एक लिगामेंट असतं. लहान मुलांत ते सैल असतं, हात ओढला की हाडाचं टोक त्यातून निसटतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्रास, पाचच्या पुढे क्वचित. झोके द्यायचे तर काखेत धरून. आणि टक्‌ करणं सोपं दिसलं तरी घरी करू नका, पडल्यामुळे हात दुखत असेल तर हाड मोडलेलं असू शकतं.

पर्वरीची स्कूटर | २० जुलै, सकाळी १०:४५

मनगटाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पावसात स्कूटर घसरली, आपोआप हात पुढे टेकला. एक्स-रे स्वच्छ. तीन आठवड्यांनीही गॅसचा नॉब फिरवताना कळ येते.

फिजिओ फोंड्याची | २० जुलै, दुपारी २:१०

आजच अंगठा ताणून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ खळगा पडतो, जुनी माणसं तपकीर ठेवायची तो. तिथे दाबून दुखतं का? दुखत असेल तर आज-उद्याच ऑर्थोपेडिककडे जा. तिथे नौकेच्या आकाराचं छोटं हाड असतं, त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. त्या हाडाला रक्त उलट्या टोकाकडून येतं, त्यामुळे चीर पडली की अलीकडचा तुकडा उपाशी राहतो आणि जुळत नाही. हे लांबणीवर टाकू नका.

पर्वरीची स्कूटर | २४ जुलै, रात्री ९:३०

दुखत होतं. दुसऱ्या एक्स-रेत चीर निघाली. प्लॅस्टर घातलंय, हे डाव्या हाताने टाइप करतेय. धन्यवाद कसे मानू कळत नाही.

तांबडी माती | २५ जुलै, सकाळी ८:१५

एक्स-रे वगैरे काही नाही, असं मी वर लिहिलं होतं. ते मागे घेतो. लेप मागे घेत नाही.

पण मग मुरगळल्यावर प्रत्येकाने एक्स-रे काढायचाच का? खर्च आहे, रांगा आहेत.

फिजिओ फोंड्याची | २५ जुलै, रात्री ९:०५

घोट्यापुरतं उत्तर सोपं आहे. कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी नियम बसवले, आजही जगभर तेच वापरतात. लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे. लंगडत टाकली तरी चालतील. घोट्याच्या दोन्ही टोकांच्या मागच्या कडेला किंवा टोकावर, वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या बुडाशी, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या मध्यावर हाडावर दुखत असेल तरीही. यातलं काही नसेल तर बहुधा गरज नाही. लहान मुलं, मधुमेहाने पाय बधिर झालेली माणसं, प्यालेली माणसं, यांना हा हिशेब लावू नका. शेवटच्या प्रकारची माणसं मोडलेल्या पायावर नाचून दाखवतात.

जाई म्हार्दोळची | २ ऑगस्ट, रात्री १०:००

हजेरी. सूज गेली. डोळे उघडे ठेवून उजव्या पायावर चाळीस सेकंद. डोळे मिटून पहिल्या दिवशी तीन! डाव्या पायावर मात्र बावीस. फरक बघून मीच चाट पडले. नवऱ्याला करायला लावलं, तो सहाला पडला, आता मोबाईलवर बोलत नाही.

फिजिओ फोंड्याची | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

छान. आता भिंतीला हात लावून एका पायावर टाचा उचला, वीसपर्यंत न्या. मग त्याच पायावर लहान उड्या, आधी सरळ, मग आडव्या. दोन्ही पायांत फरक वाटेनासा झाला की फुगडी. घोट्याला ब्रेस बांधून, सारवलेल्या किंवा कोरड्या जमिनीवर. बसफुगडी या वर्षी नको.

जाई म्हार्दोळची | ३० ऑगस्ट, दुपारी ४:३५

घातल्या. ब्रेस नऊवारीच्या आत दडवला होता, कुणाला दिसला नाही. डोळे मिटून एकोणीस सेकंदांवर पोचलेय. बसफुगडीच्या वेळी गाणी म्हणत कडेला उभी राहिले, सासूबाईंनी माझ्या जागी घातली.

त्यांचे घोटे ठणठणीत आहेत. घरामागच्या पायऱ्या काल नवऱ्याने चुना टाकून घासल्या.

डिचोलीकर | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

माटोळी या वेळी भावाने बांधली. एमआरआयची तारीख १२ सप्टेंबर.